पायातील कला आणि छातीतील दम

विश्वचषक फुटबॉलचे सामने सुरू झाले की आमच्या बऱ्हाणपुरात रात्री उशिरापर्यंत घराघरांतून उजेड दिसू लागतो. यंत्रमागावरची पाळी संपवून आलेले कामगार, दुकान बंद करून आलेले व्यापारी आणि उद्या शाळा आहे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरलेली मुले एकाच दूरदर्शन संचासमोर दाटीवाटीने बसतात. अशा बैठकीत एखादे वयोवृद्ध गृहस्थ हमखास असतात. तरुणपणी त्यांनी फुटबॉल खेळलेला असतो, निदान पुष्कळ पाहिलेला असतो. खेळ रंगात आला की ते मान हलवून म्हणतात, "याला का फुटबॉल म्हणायचे? ही तर धावण्याची शर्यत झाली. पायात कला होती ते खेळाडू गेले!" त्यावर एखादा नातू तत्काळ उत्तर देतो, "आजोबा, तुमचे ते कलावंत आजच्या सामन्यात दहा मिनिटेसुद्धा टिकले नसते."

हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. तो मिटत नाही, कारण दोन्ही पक्षांच्या पदरी अर्धे अर्धे सत्य आहे. अंगभूत कौशल्य श्रेष्ठ की कमावलेले शरीरसामर्थ्य श्रेष्ठ, हा प्रश्न वरवर पाहता फावल्या वेळच्या गप्पांचा वाटतो. पण तो तसा नाही. आपल्या शाळांच्या मैदानांवर दरवर्षी या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष दिले जाते. संघाची यादी लागते, बारा-तेरा वर्षांचा एखादा मुलगा तीत आपले नाव शोधतो, ते न सापडल्यामुळे घरी परततो, आणि पुष्कळदा पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही. म्हणून या वादाचा नीट विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करू या. चेंडू पायाला चिकटल्यासारखा खेळवणे, अंगाच्या एका झोक्याने प्रतिस्पर्ध्याला भलत्याच दिशेला पाठवणे, चाळीस पावलांवरच्या सहकाऱ्याच्या नेमका पुढ्यात चेंडू टाकणे, याला आपण कौशल्य म्हणतो. आणि ते लहानपणीच दिसू लागले की त्याला 'देणगी' हे नाव देतो. उलटपक्षी वेग, ताकद, दीर्घकाळ टिकणारा दम आणि एकदा जिवाच्या आकांताने धावल्यावर थोड्याच वेळात पुन्हा तसेच धावता येण्याइतकी सावरण्याची शक्ती, या सर्वांचा समावेश शरीरसामर्थ्यात होतो. आपल्याकडील तालमींत हा भेद फार पूर्वीपासून ओळखलेला आहे. ताकद, दम आणि डाव असे तीन शब्द तेथे सहज वापरले जातात. परंतु डाव हवा की दम, असा प्रश्न कोणताही वस्ताद शिष्याला विचारीत नाही. दम नसलेल्याचा डाव तिसऱ्या मिनिटाला लागत नाही आणि डाव नसलेल्याचा दम नुसताच खर्च होतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

फुटबॉलमध्ये मात्र आपण भारतीयांनी हा धडा बराच उशिरा आणि बरीच किंमत मोजून घेतला. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. विजयी संघातील एक खेळाडू सोडून बाकी सारे अनवाणी खेळले होते. बूट घातलेल्या गोऱ्या सैनिकांना अनवाणी पायांनी हरवल्याचा तो आनंद राष्ट्रीय होता आणि तो सर्वस्वी योग्यही होता. पण त्या आनंदातून एक समजूतही रुजली. आपला पाय मोकळा आहे, म्हणून आपला खेळ नैसर्गिक आहे. ते बलदंड असतील, पण आपण चपळ आणि कुशल आहोत, अशी ती समजूत होती.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ही समजूत जवळजवळ खरी ठरली. ताल्लिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखालील आपला संघ फ्रान्सकडून केवळ १-२ असा हरला. दोन पेनल्टी किक वाया गेल्या नसत्या तर निकाल वेगळा लागता. आपले बहुतेक खेळाडू त्याही वेळी अनवाणीच होते आणि लंडनच्या प्रेक्षकांनी त्यांचे कौतुक केले. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीच्या थंड हवेत युगोस्लाव्हियाशी गाठ पडली. निकाल होता १०-१. युगोस्लाव्हियाचा तो संघ पुढे रौप्यपदकापर्यंत पोहोचला, तेव्हा तो सामान्य संघ नव्हता हे खरे; पण दहा गोलांचे समाधान तेवढ्याने होत नाही. त्यानंतर आपल्याकडे बूट घालून खेळणे सक्तीचे झाले.

याच हेलसिंकीत, त्याच दिवसांत, मराठी मुलखातला एक मल्ल वेगळीच कहाणी लिहीत होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांची शरीरयष्टी आडदांड नव्हती. त्यांची ख्याती होती ती डावांच्या चपळाईची. पण १९४८ साली लंडनला ते गेले तेव्हा मातीतल्या या मल्लाला गादीवरच्या कुस्तीची सवय नव्हती, आणि फ्लायवेट गटात त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. नंतरच्या चार वर्षांत त्यांनी गादी आपलीशी केली आणि दम वाढवला. डाव मात्र आपलेच ठेवले. फुटबॉलच्या संघाने याच चार वर्षांत आपल्या देणगीवर विसंबून राहणे पसंत केले होते. एकाच ऑलिंपिकमधील या दोन निकालांत आपल्या आजच्या विषयाचे बरेचसे उत्तर सामावलेले आहे.

हे उत्तर फुटबॉलपुरते ज्यांना आधी उमगले ते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब व्यवसायाने शिक्षक होते. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. उजव्या पायाच्या खेळाडूंना डाव्याच पायाने खेळायला लावणे, चेंडू पायाशी न रेंगाळू देता पहिल्याच स्पर्शात पुढे द्यायला लावणे, असे सराव ते मुद्दाम घेत. कौशल्य ही ईश्वरी देणगी असली तरी तिला वळण लावता येते आणि ती घाईच्या क्षणी कामाला येईल अशी तयार ठेवता येते, हा त्यामागील विचार होता. त्याबरोबर खेळाडूंच्या शारीरिक तयारीबाबत ते अत्यंत कडक होते.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये याचे फळ दिसले. १ डिसेंबर रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे होते. जन्माने गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेले हे सेंटर फॉरवर्ड. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले आणि त्या स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत, चार गोलांसह, त्यांचे नाव लागले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल नेव्हिल यांनीच केला, आणि काही मिनिटे भारत चक्क आघाडीवर होता. पुढे युगोस्लाव्हियाने चार गोल करून सामना ४-१ असा जिंकला. पण १०-१ पासून ४-१ पर्यंतचे अंतर चार वर्षांत कापले गेले होते. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्याच संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. डोक्याला टाके पडलेले जर्नेलसिंग हे मूळचे बचावपटू. त्यांना आघाडीवर खेळवण्यात आले आणि एक गोल त्यांनीच केला. पुढच्याच वर्षी कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. १९६० च्या रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा पोहोचू शकलेला नाही.

येथे आजोबांच्या पक्षाची मंडळी म्हणतील, "ब्राझीलचे काय? त्यांनी तर निव्वळ कलेच्या जोरावर जग जिंकले ना?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. १९७० च्या ब्राझील संघाइतका डोळ्यांचे पारणे फेडणारा संघ झाला नाही, असे जाणकार आजही मानतात. पेले, जैरझिन्यो, टोस्टाव, गेर्सन, रिव्हेलिनो ही नावे उच्चारताच जुने रसिक डोळे मिटतात. परंतु मेक्सिकोच्या उंचावरील विरळ हवेत खेळावे लागणार म्हणून या संघाने शारीरिक तयारीसाठी जेवढे कष्ट घेतले तेवढे क्वचितच कोणी घेतले असतील. खेळाडूंचा दम मोजण्यासाठी बारा मिनिटे धावण्याची कूपर चाचणी वापरण्यात आली. केवळ शरीरसामर्थ्याकडे पाहणारे स्वतंत्र मार्गदर्शक संघाबरोबर होते. याचा परिणाम आकड्यांतच पाहावा. त्या स्पर्धेत ब्राझीलने सहा सामन्यांत एकोणीस गोल केले, आणि त्यांतील बारा उत्तरार्धातले होते. इटलीविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. अखेरीस निकाल ४-१ लागला. प्रतिस्पर्धी थकल्यावर ब्राझीलची कला बहरत असे, कारण तोवर ब्राझील स्वतः थकलेला नसे. आपण ज्याला निव्वळ देणगी समजत आलो, तिच्याखाली महिनोन्‌महिन्यांची मेहनत होती.

आता नातवाच्या बाजूकडे वळू. खेळ खरोखरच बदलला आहे का? बदलला आहे, आणि तो का बदलला याची कारणे सांगता येतात. १९७६ साली रायली आणि थॉमस या इंग्लंडमधील संशोधकांनी व्यावसायिक खेळाडू एका सामन्यात किती धावतात याचे मोजमाप प्रसिद्ध केले. ते अंतर सरासरी साडेआठ किलोमीटरांहून थोडे अधिक भरले. आज वरच्या दर्जाच्या सामन्यात ते साधारण दहा ते बारा किलोमीटर असते, आणि त्यांतील भरधाव धावण्याचा वाटाही वाढलेला आहे.

याला अनेक गोष्टी कारण झाल्या. १९७० पूर्वीच्या विश्वचषकांत बदली खेळाडू घेण्याची सोयच नव्हती. अकरा जण उतरत आणि तेच शेवटपर्यंत खेळत. पुढे दोन, मग तीन, आणि २०२० पासून पाच बदली खेळाडूंना मुभा मिळाली. म्हणजे गोलरक्षक सोडून उरणाऱ्या दहांपैकी निम्मे खेळाडू सामन्याच्या उत्तरार्धात ताजेतवाने उतरवता येतात. पूर्वी कातडी चेंडू पावसात पाणी पिऊन जड होत असे. १९८६ च्या विश्वचषकापासून कृत्रिम द्रव्यांचा चेंडू आला आणि तो सर्व ऋतूंत सारखाच हलका राहू लागला. १९९२ साली आणखी एक नियम झाला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईनासा झाला. तोवर दमलेला संघ चेंडू मागे देऊन निवांत श्वास घेत असे. ती विश्रांती या नियमाने हिरावून घेतली.

यांहून महत्त्वाचा बदल विचारांतला होता. १९६० नंतरच्या दशकात कीव्हच्या डायनॅमो संघाचे व्हिक्टर मास्लोव्ह, आणि पुढे १९९० च्या सुमारास मिलानचे आरिगो साक्की यांसारख्या मार्गदर्शकांनी 'प्रेसिंग'ची पद्धत रुजवली. प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी चेंडू आला रे आला की दोघांतिघांनी एकदम त्याच्यावर झडप घालायची, त्याला मान वर करायलाही उसंत द्यायची नाही, असा हा डाव. पूर्वीच्या कलावंत खेळाडूला चेंडू मिळाल्यावर तो थोपवायला, मान वर करून पाहायला आणि मग आपली करामत दाखवायला दोनतीन सेकंद मिळत. आज त्याला एक सेकंदही मिळत नाही. मैदानाची लांबी-रुंदी तीच आहे. आकसला आहे तो खेळाडूच्या वाट्याला येणारा वेळ. आजोबांना कला दिसत नाही, याचे कारण ती नाहीशी झाली हे नव्हे. ती आता इतक्या थोड्या वेळात उरकते की डोळ्यांना सापडत नाही.

इतके सांगितल्यावर नातवाचा जय झाला असे कोणास वाटेल. पण थांबा. वर ज्या मोजमापाचा उल्लेख केला त्यातच आणखी एक गोष्ट आढळली होती. खेळाडू जेवढे अंतर धावतो त्यापैकी चेंडू पायाशी असताना कापलेले अंतर शेकडा दोनहूनही कमी असते. उरलेले सारे धावणे चेंडूविना होते. शरीरसामर्थ्य खेळाडूला योग्य जागी, योग्य वेळी पोहोचवते. तेथे पोहोचल्यावर काय करायचे, हे मात्र पाय आणि डोळेच ठरवतात. सारेच संघ सारखेच धावू लागले की धावण्याने कोणाची सरशी होत नाही. मग निर्णय पुन्हा त्या शेकडा दोनांत होतो.

याची साक्ष आपल्यासमोर आहे. २०१० साली विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनचे मध्यफळीतील सूत्रधार, झावी आणि इनिएस्टा, उंचीने पाच फूट सात इंचांच्या आसपास होते. झावीसारख्या खेळाडूंचे चित्रपट तपासून नॉर्वेचे अभ्यासक गेइर योर्डेट यांनी दाखवून दिले की, चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच हे खेळाडू वारंवार मान वळवून भोवताली पाहून घेतात. चेंडू पायाशी आल्यावर विचार करायला वेळ नाही, म्हणून ते विचार आधीच करून ठेवतात. २०२२ साली अर्जेंटिनाला विश्वचषक मिळवून देणारे लिओनेल मेस्सी त्या वेळी पस्तीस वर्षांचे होते आणि त्या स्पर्धेत ते बराच वेळ धावण्याऐवजी चालताना दिसत. ते चालणे आळसाचे नव्हते. कोठे फट पडते आहे याचा शोध त्या चालण्यातून चाले. अर्थात, त्यांच्या वाटचे धावणारे नऊ दमदार सहकारी भोवती होते, हेही विसरता कामा नये. म्हणून कौशल्य मेले असे म्हणणे चुकीचे आहे. त्याचे ठाणे पायातून थोडे वर सरकून डोळ्यांत आणि मेंदूत गेले आहे, इतकेच.

मग निष्कर्ष काय निघाला? प्रौढ खेळाडूंच्या बाबतीत हा वादच खोटा आहे. शरीरसामर्थ्य हे मैदानात शिरण्याचे तिकीट आहे. आणि आत शिरल्यावर जिंकून देते ते कौशल्य. परंतु श्रोतेहो, एका ठिकाणी हा वाद खोटा राहत नाही. ते ठिकाण म्हणजे मुलांची निवड.

मराठी मुलखात फुटबॉलचे वेड पाहायचे असेल तर कोल्हापुरास जावे. तेथील संघांची नावेच बोलकी आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीची परंपरा असलेल्या या नगरीत पेठापेठांतील तालमींनीच फुटबॉल आपलासा केला आणि शाहू स्टेडियमवर आज हजारो प्रेक्षक या मंडळांच्या लढती पाहायला लोटतात. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. भारतीय मुलांनी त्या स्पर्धेत जिद्दीने खेळ केला. कोलंबियाविरुद्ध एक गोलही केला. पण घानाविरुद्धचा सामना ०-४ असा गेला, आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या शरीरसामर्थ्यातला फरक साऱ्यांनाच जाणवला. असे पराभव झाले की आपल्याकडे एक ठराविक सूर निघतो: "उंच आणि दांडगी मुले शोधा." ही सूचना ऐकायला शहाणपणाची वाटते. माझ्या मते ती घातक आहे.

काही वर्षांपूर्वी एका मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांची निवड चालू असता मी तेथे उभा होतो. साठ-सत्तर मुले, एक शिट्टी, एक शिक्षक आणि हाताशी तासभर वेळ. शिक्षकांनी प्रथम मुलांना उंचीप्रमाणे उभे केले, मग मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या, आणि जे पुढे आले त्यांची नावे लिहून घेतली. त्यांचा दोष मी मानीत नाही. एवढ्या मुलांतून एवढ्या वेळात दुसरे काय करणार? नावे लिहून झाल्यावर मुले पांगली. यादीत न आलेला एक किडकिडीत मुलगा मित्रांची वाट पाहत कडेला एका जुन्या चेंडूशी खेळत होता. निवड झालेल्यांपैकी तिघांनी गंमत म्हणून त्याच्याकडून चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न केला. बराच वेळ तो त्यांना मिळाला नाही. हे पाहायला तेथे माझ्याखेरीज कोणी नव्हते, कारण यादी केव्हाच गुंडाळली गेली होती. पुढच्या वर्षी निवडीच्या दिवशी मी मुद्दाम त्या मुलाचा शोध घेतला. तो आलाच नव्हता.

हा केवळ एका मैदानावरचा अपघात नव्हे. तेरा-चौदा वर्षांच्या दोन मुलांचे वय कागदावर सारखे असले तरी शरीराच्या वाढीच्या दृष्टीने त्यांच्यात तीनचार वर्षांचेही अंतर असू शकते. एकाला मिसरूड फुटू लागलेले असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. शिवाय वयाची गणना ज्या तारखेपासून होते तिच्यानंतर लगेच जन्मलेली मुले त्याच वर्षाच्या अखेरीस जन्मलेल्यांपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असतात. जगभरातील फुटबॉल प्रबोधिनींच्या याद्या तपासल्या तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा भरणा त्यांत फार मोठा आढळला. त्या महिन्यांत जन्मणाऱ्यांना देवाने काही अधिक कौशल्य दिलेले नसते. त्यांना थोडी अधिक उंची आधी मिळालेली असते, एवढेच. निवड झाल्यावर त्यांनाच सराव मिळतो, त्यांनाच सामने मिळतात, आणि चार वर्षांनी ते खरोखरच सरस ठरतात. मग आपण म्हणतो, पाहा, आमची निवड किती अचूक होती!

यातली खरी हानी अशी की, जे नंतर मिळू शकते ते पाहून आपण मूल निवडतो, आणि जे नंतर मिळत नाही ते गमावून बसतो. ताकद आणि दम वयात आल्यावर, योग्य आहार व व्यायामाने, झपाट्याने वाढवता येतात. चेंडूशी जडलेली मैत्री मात्र बालपणातच व्हावी लागते. सोळाव्या वर्षी ती नव्याने जोडणे फार कठीण जाते. मेस्सी यांच्या वाढीत लहानपणी व्यंग होते आणि त्यांना औषधोपचार घ्यावे लागले. ब्राझीलच्या गारिंशा यांचे दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले होते आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. १९५८ च्या विश्वचषकापूर्वी संघाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यांच्याविषयी आणि सतरा वर्षांच्या पेले यांच्याविषयीही प्रतिकूल अभिप्राय दिला होता. मार्गदर्शक फेओला यांनी तो बाजूला ठेवला, आणि ब्राझीलने पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. पेले आणि गारिंशा हे दोघे एकत्र खेळले असताना ब्राझील कधीही हरला नाही. उंचीप्रमाणे रांग लावणाऱ्याच्या यादीत यांपैकी कोणाचे नाव आले असते?

उपाय अवघड किंवा खर्चिक नाहीत. निवड एका तासात न करता चार आठवड्यांत करावी. मुलांना नुसते पळवण्याऐवजी चार विरुद्ध चार असे छोट्या मैदानावर खेळवावे. त्यात प्रत्येकाच्या पायाला चेंडू पुन्हा पुन्हा लागतो आणि कोणाला दिसते, कोणाला सुचते हे लगेच कळते. इंग्लंडमध्ये अलीकडे जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे मुलांचे गट करून सामने घेऊन पाहिले जातात. तेही आपल्याला करता येईल. आणि ज्या मुलांची निवड होणार नाही त्यांना "पुढच्या वर्षी अवश्य ये" असे शिक्षकाने नाव घेऊन सांगावे. या एका वाक्याला पैसा लागत नाही.

शेवटी आमच्या गावचेच एक उदाहरण देतो. बऱ्हाणपूरला येणारा पाहुणा कुंडी भंडारा पाहिल्याशिवाय जात नाही. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखाली झिरपत तापीकडे जाणारे पाणी १६१५ साली अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात भुयारी मार्गाने शहराकडे वळवण्यात आले. शंभरावर कुंड्या खणून त्या आतल्या आत एकमेकींना जोडल्या, आणि कोणत्याही यंत्रावाचून, निव्वळ उताराच्या बळावर पाणी वाहू लागले. ते पाणी माणसाने निर्माण केलेले नव्हते. ते डोंगरातून येतच होते. आणि भुयार खणले नसते तर ते कोणाच्याही घागरीत पडले नसते. पण ज्या कारागिरांनी हे काम केले त्यांनी पहिल्याने एक गोष्ट केली. पाणी कोठे आहे ते शोधले, आणि मगच खणायला सुरुवात केली.

आपण मैदानावर नेमका उलटा क्रम लावतो. जेथे खणायला सोपे तेथे आधी खणतो आणि मग पाणी का लागत नाही म्हणून नशिबाला दोष देतो. पुढच्या निवडीच्या दिवशी कोणी शिक्षक, कोणी पालक माझे हे बोलणे आठवून शिट्टी वाजवण्यापूर्वी दहा मिनिटे थांबला, आणि कडेला जुन्या चेंडूशी खेळणाऱ्या मुलाकडे त्याने पाहिले, तर आजच्या या भाषणाचे चीज झाले असे मी समजेन.